पट्टा घसरला नव्हता

सर, पट्टा घसरला नव्हता.

एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. आता सांगून उपयोग नाही हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण न सांगता मी चार वर्षं काढून पाहिली आहेत.

मला रडू आलं नाही, हेही आधीच सांगते. बँडच्या जुन्या ग्रुपवर तुमचा फोटो आला तेव्हा मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होते. फोटोखाली एकामागून एक जोडलेले हात येत होते. मीही एक टाकला. मग कॉस्टिंगच्या तासाला जाऊन बसले आणि फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घेतलं. मध्येच शेजारची म्हणाली, "ए, बेंच का हलवतेस?" खाली बघितलं तर माझा डावा पाय जमिनीवर ठोके देत होता. मी तो थांबवला.

शाळेतल्या बँडबद्दल कुणी विचारलं तर मी थोडक्यात सांगते. आठवीत शिरले, दहावीपर्यंत होते, बेस ड्रम वाजवायचे. लोक माझ्याकडे वरून खाली बघतात आणि म्हणतात, "तू? एवढीशी?" राजाजीनगरच्या आपल्या शाळेतही हेच म्हणाले होते. पहिले दोन महिने तुम्ही कुणालाच वाद्य दिलं नव्हतं. नुसतं मैदानावर चालायचं, आणि डावा पाय टेकला की तोंडानं 'धम्' म्हणायचं. तुम्ही पाठ करून उभे राहायचात आणि ऐकायचात. एका संध्याकाळी तुम्ही न वळताच विचारलंत, "ती तिसऱ्या रांगेतली कोण? तिचा धम् जागचा हलत नाही." मुलांनी मला पुढे ढकललं. तुम्ही वळून बघितलंत तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसली, असं मला वाटलं. बहुतेक तुम्हाला कुणीतरी उंच अपेक्षित होतं.

बँडमधला मंजुनाथ म्हणाला, "सर, ही ड्रम उचलणार की ड्रम हिला उचलणार?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण ड्रम मलाच दिलात. गळ्यात अडकवला तर कड माझ्या हनुवटीला लागत होती. समोरचं काही दिसेना, स्वतःचे पाय तर नाहीतच. फक्त दोन्ही बाजूंचं दिसायचं. तुम्ही म्हणालात, "बरंच झालं. बेस ड्रमनं बघायचं नसतंच."

हे तुम्ही मराठीत म्हणालात. हजेरीत माझं आडनाव वाचून तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतंत, "घरी मराठी?" मी मान हलवली. बाकी मैदानावर तुमचं सगळं कन्नड, ऑर्डरी इंग्रजीत. मला मात्र रागवायचं असलं की तुम्ही जवळ येऊन मराठीत रागवायचात, इतरांना कळू नये म्हणून, तरी मध्येच एखादा कन्नड शब्द यायचाच. "काय गं, स्वल्प सरळ उभी राहा की. पाठीला काय झालंय?" माझ्या डाव्या बाजूला झांजा घेऊन ललिता असायची. ती लगेच विचारायची, "काय म्हणाले? काय म्हणाले?" मी म्हणायचे, "शाबासकी दिली." तिला वाटायचं, सरांचं हिच्यावर फार प्रेम. ते तितकंसं खोटं नव्हतं.

तुमचा एकच कडक नियम होता. बेस ड्रमचा ठोका पडेल तो डावा पाय. ज्याचा पाय जुळत नसेल त्यानं एक उडी मारून पाऊल बदलायचं. ड्रम चुकला तरी ड्रमच बरोबर, बाकी सगळ्यांनी त्याच्यामागे जायचं, कारण बत्तीस जण दोन ठोक्यांवर चालू शकत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, "सर, पण शेजारच्याचं पाऊल चुकतंय हे मला दिसलं तर?"

"तर दिसू द्यायचं नाही."

"पण दिसलंच तर?"

"वनिता," तुम्ही म्हणालात, "सगळे तुझं ऐकतात. तू कुणाचं ऐकायचं नाही. एकासाठी हललीस तर एकतीस पडतील."

मला ते पटलं नाही. तसं मी म्हणालेही नाही. नववीतल्या मुलीला सरांना 'पटलं नाही' म्हणता येत नाही. निदान मला येत नव्हतं.

दहावीतल्या आंतरशालेय स्पर्धेच्या आठवड्यात तुम्ही ललितावर भडकला होतात. वळणावर तिचं पाऊल हमखास चुकायचं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आणखी एकदा चुकलं तर झांजा खाली ठेवायच्या आणि घरी जायचं." तुमच्या दृष्टीनं तो धाक होता. तुम्हाला माहीत नव्हतं की ललिताला घरी जायचं नसे. चार भावंडांचं करून ती शाळेत यायची, आणि परत जाऊन तेच करायची. बँडचा तो तासभर तिचा स्वतःचा होता. हे ती मला सांगायची. तुम्हाला कोण सांगणार?

स्पर्धेच्या दिवशी ती मोठ्या बहिणीचे बूट घालून आली होती, पुढे कापूस कोंबलेले. परीक्षकांच्या टेबलाआधीच्या वळणावर तिची टाच बुटातून बाहेर आली. मला दिसलं, कारण मला बाजूचंच दिसायचं. तिनं बूट सावरला आणि उजव्या पायाच्या जागी डावा टाकला. टेबल वीसेक पावलांवर होतं. तुम्ही बाजूनं चालत होता, आणि आता तुमची नजर झांजांवर येणार हे मला माहीत होतं.

मी एक ठोका हातात धरून ठेवला, सर. पुढचा ठोका ललिताच्या पायावर टाकला.

मग काय झालं ते तुम्ही पाहिलंत. एकतीस मुलांनी तुमचा नियम पाळला. परीक्षकांच्या अगदी समोर सगळा बँड एकदम उडी मारून पाऊल बदलता झाला, जणू जमिनीचा चटका बसला. बाकावर बसलेल्या दुसऱ्या शाळेच्या मुलांनी हसून टाळ्या वाजवल्या. आणि ललितानं? तिला तिची चूक कळली होती. मी ठोका धरला त्याच क्षणी तिनंही पाऊल बदललं होतं. म्हणजे सगळा बँड तिच्या पायावर आला तेव्हा ती नेमकी दुसऱ्या पायावर गेली. टेबलासमोरून जाताना एकटी तीच चुकीची होती.

रांगा मोडल्यावर ती माझ्यावरच ओरडली. "काय गं केलंस? मी आत्ताच नीट केलं होतं!"

मी म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं."

"मी सांगितलं होतं तुला?"

मग तुम्ही आलात. तुमच्या मागून मुख्याध्यापिका येत होत्या. तुम्ही ललिताकडे बघितलंही नाहीत. मला हळूच मराठीत विचारलंत, "काय झालं गं?"

मी म्हणाले, "सर, पट्टा घसरला. ड्रम जड झाला."

मला वाटलं होतं तुम्ही रागावाल. तुम्ही माझ्या गळ्यातला ड्रम काढून घेतलात, स्वतःच्या हातात तोलून पाहिलात आणि म्हणालात, "जडच आहे. माझंच चुकलं. तुझ्या अंगावर एवढं ओझं टाकायला नको होतं." मुख्याध्यापिका पोचल्या तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत की पाऊल बदलण्याची खूण तुम्हीच केली होती, अंदाज चुकला. त्या तुम्हाला बरंच बोलल्या. तुम्ही सगळं कबूल करत "सरी, मॅडम" म्हणत राहिलात.

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर ललिताच्या झांजा गेल्या असत्या, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते अर्धंच खरं आहे. जिचा धम् जागचा हलत नाही अशी एकच मुलगी तुम्हाला सापडली होती. तिनं तो मुद्दाम हलवला, हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.

दहावीनंतर पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, फॉर्म घेऊन मी शाळेत तुमच्याकडेच आले. आमच्या घरात तो कुणाला भरता येत नव्हता. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले आणि लेथवर काम करणारे. आई शाळेत गेलीच नाही. फॉर्मवर आईवडिलांच्या शिक्षणाचा रकाना होता. मी तुम्हाला विचारलं, "इथे दहावी लिहिलं तर चालेल ना? कोण बघणार आहे?" तुम्ही म्हणालात, "आहे ते लिही. त्यात लाजायचं काय? सातवी शिकलेल्या माणसाची मुलगी कॉलेजात जातेय, हे लिहायला मिळतंय तुला." मी लिहिलं. आज बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ते त्या फॉर्मपासून सुरू झालं. अण्णांनी तुम्हाला भेटून आभार मानायचे ठरवले होते. त्यांना रविवारीसुद्धा ओव्हरटाइम असायचा, म्हणून राहिलं. त्या दिवशी तुमच्यासमोर बसून मी पट्ट्याचं सांगू शकले असते. फॉर्मवरचं खरं लिहिलं आणि फॉर्म घेऊन घरी आले.

यानंतरचं सगळं तुम्हाला ठाऊक नाही.

आमच्या मागच्या गल्लीत चैत्रा राहते. आपल्याच शाळेत, तुमच्याच बँडमध्ये. ती ट्रायँगल वाजवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वर्षी ती मला दुकानात भेटली. "अक्का, तुम्ही बेस वाजवायचात ना? मग सर मला का देत नाहीत? माझा ठोका त्या बेसवाल्या पुनीतपेक्षा चांगला आहे. सर स्वतःच म्हणाले."

"मग?"

"म्हणाले, आधी एका मुलीला त्रास झालाय. पुन्हा कुठल्या मुलीला देणार नाही. ट्रायँगल घे म्हणाले. टिंग टिंग." तिनं हवेत दोन बोटांनी वाजवून दाखवलं. "कोण होती ती नाजूक बाई, तुम्हाला माहीत आहे?"

मी म्हणाले, "परत एकदा विचारून बघ."

पण त्या दिवशी मला कळलं की माझं खोटं माझ्यापुरतं राहिलेलं नाही. तुम्ही ते खरं मानून त्याचा नियम केला होता, तोही दयेपोटी. तुम्ही कडकपणे केला असतात तर मला भांडता आलं असतं.

आणि आपण भांडलोच. मल्लेश्वरमच्या बस स्टॉपवर, मागच्या दिवाळीनंतर. तुम्ही साइड ड्रमचं नवं कातडं कागदात गुंडाळून नेत होता. मला आधी ओळखलं नाहीत, मग म्हणालात, "अरे, उंच झालीस की!" मी झाले नव्हते. मी मनाशी ठरवलं, आता सांगायचं. पण सुरुवात भलतीकडूनच केली.

"सर, तुम्ही मुलींना बेस देत नाही म्हणे."

"नाही देत. तूच शिकवलंस मला ते."

"सर, मुली वाजवू शकतात."

"वाजवू शकतात. तू वाजवलास ना. प्रश्न हाताचा नाही गं, खांद्याचा आहे. वाढीचं वय."

"मुलांचं पण वाढीचंच वय असतं."

"कॉलेजात जाऊन वाद घालायला शिकलीस," तुम्ही म्हणालात. तुम्हाला ते आवडलं होतं, ते दिसत होतं. "बरं, पट्टा नीट करतोय मी. तो जमला की बघू."

"पट्ट्याचा प्रश्न नाही, सर."

"मग कशाचा?"

तेव्हा तुमची बस आली. हे मी लोकांना सांगू शकते. पण बस आली तरी दारात चार माणसं चढत होती, आणि तुम्ही वळून उत्तराची वाट बघत होता. मी म्हणाले, "नंतर सांगते." तुम्ही म्हणालात, "ये एकदा मैदानावर. पोरांना धम् शिकव." मी हो म्हणाले. मग इंटर्नल्स आल्या, मग सेमिस्टर, आणि मग कारण लागेनासं झालं.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी जे. पी. नगरला तुमच्या घरी आले. घर पहिल्यांदाच बघितलं. काकूंनी विचारलं, "तू ती बेसवाली ना?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "किती वेळा तो पट्टा उसवला आणि शिवला त्यांनी! आत स्पंज घालायचे, आरशासमोर खांद्यावर घेऊन बघायचे, परत काढायचे. मी म्हणायचे, अहो, स्वेटर विणताय का? तर म्हणायचे, एका पोरीच्या खांद्याला लागलं होतं."

मी चहा प्यायले. काकूंना काही सांगितलं नाही. घरात माणसं होती, पण कारण ते नव्हतं. त्यांच्याजवळ तुमची एवढी एक गोष्ट होती, ती काढून घ्यायला माझा हात पुढे झाला नाही. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

शाळेनं तुमच्यासाठी मैदानावर सभा घेतली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. बँड पुढे होता, वाद्यं खाली ठेवून. सभा संपल्यावर मी चैत्राला गाठलं आणि सगळं सांगितलं. ललिता, बूट, ठोका, पट्टा. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी टिंग टिंग केलं ते तुमच्यामुळे?"

"हो."

"आणि मागच्या वर्षी मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"अय्यो, अक्का." तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं ती रडते आहे, पण ती चिडली होती. "मला सांगून काय फायदा? मी दहावीत आहे. एकच परेड राहिलीय. बँड आता पी. टी. मिस बघतात, त्यांना सांगा. सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर पुनीत म्हणेल, सर गेल्यावर हिनं गोष्ट बनवली."

म्हणून आज सकाळी मी मैदानावर गेले. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना कन्नडमध्ये सांगितलं. माझं कन्नड चांगलं आहे, तरी दोनदा अडखळले. कुणी हसलं नाही. मला वाटतं, त्यांना त्यातलं फारसं काही मोठं वाटलं नाही. पुनीतनं फक्त विचारलं, "मग आता माझा ड्रम जाणार?" पी. टी. मिस म्हणाल्या, "ड्रम शाळेचा आहे, तुझा नाही. एक आठवडा तू, एक आठवडा ती. मग बघू." एवढ्या एका वाक्यात ते मिटलं. तुमच्याकडेही ते इतक्याच वेळात मिटलं असतं का, हे आता कळायला मार्ग नाही.

चैत्रानं ड्रम घेतला. मैदानाला एक फेरी मारली. ठोका चांगला होता, माझ्याइतका नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. फेरी झाल्यावर ती माझ्याजवळ आली. माझ्याशी बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं, पण प्रश्न तिच्या पोटात राहिला नाही.

"शेजारच्या मुलीचं पाऊल चुकलेलं दिसलं तर काय करायचं?"

"सर म्हणायचे, बघायचंच नाही."

"तुम्ही तर बघितलंत."

"हो."

"मग बरोबर कोण?"

सर, मला अजून वाटतं की मी बघितलं ते चूक नव्हतं. तुम्हाला ते साफ चूक वाटलं असतं. आपलं खरं भांडण हे होतं, आणि मी तुमच्याशी खांद्याच्या वजनावर भांडत बसले. तुम्ही आठ मुद्दे काढले असतेत, मी चार. तुम्ही जिंकला असतात, आणि घरी जाताना मला पाचवा सुचला असता. मी चैत्राला म्हणाले, "माहीत नाही गं. सरांशी भांडून ठरवायला हवं होतं."

"भांडून!" ती म्हणाली. "सरांनी तुम्हाला या मैदानाला पन्नास चकरा मारायला लावल्या असत्या."

मारल्या असत्या, सर.